पट्टीचे वरचे टोक

इसम नामे रघुजी सोमाजी लाड, राहणार शिवाजीनगर, बेंगळुरू, धंदा सुतारकाम, मातृभाषा मराठी, वापर घरापुरता, विवाहित, सपत्नीक वास्तव्य. सदर तपशील सन १९९७ अखेर सरकारदप्तरी कायम असून त्यास कोणाचीही हरकत आलेली नाही.

मल्लेश्वरमच्या नव्या फ्लॅटांत पुण्याहून आलेल्या कम्प्युटरवाल्यांना कपाटातल्या फळ्या वरखाली करता येणाऱ्या लागत. आज पुस्तके, उद्या बरण्या. या माणसांचे काहीच कायमचे नसते, असे रघुजींचे निदान होते. अशा कपाटाच्या दोन्ही बाजूंना आतून सारख्या अंतरावर भोके पाडायची, त्यांत पितळी पिना खोचायच्या आणि पिनांवर फळी टेकवायची. त्यासाठी रघुजींनी भोकांची एक सागवानी पट्टी करून ठेवली होती. ती बाजूवर आवळायची आणि एकेका भोकात राउटर, म्हणजे भोके पाडायचे यंत्र, दाबत जायचे. पट्टीची अट एकच, वरचे टोक वर. दोन्ही टोकांची भोके कडेपासून सारखी नव्हती. एक बाजू सुलट आणि दुसरी उलट पाडली, की फळी उतरती.

वरच्या टोकाची खूण म्हणजे कुंकू. दर आयुधपूजेला अंबुबाई, म्हणजे रघुजींच्या पत्नी, हत्यारे पुसून हळदकुंकू लावत, तेव्हा पट्टीच्या त्या टोकाला बोट टेकवत. वर्षभर तेवढे पुरे.

या अंबुबाई लेकीच्या बाळंतपणाला बेंगळुरूजवळच्या आनेकलला गेल्या. बाळ आता शाळेत जाते. भांडण कधी झाले नाही. बसने येणाऱ्याबरोबर 'येते की' असा निरोप येई, आणि निरोपच येई. त्या स्वतः येत त्या आयुधपूजेपुरत्या.

शिवाजीनगरच्या स्वयंपाकघरातली फळी अंबुबाईंच्या सासऱ्यांनी स्वतःच्या उंचीने ठोकलेली. डबा काढायला अंबुबाई सगळा संसारभर पाटावर चढल्या. फळी खाली घ्या म्हटले की रघुजी "सरी, करतो या आठवड्यात" म्हणत. आता पाटावर चढून हात वर केलेली ती पाठमोरी बाई त्यांना रिकाम्या स्वयंपाकघरात दिसे, आणि पुढ्यातला चहा गार होई. शेवटी त्यांनी ती फळी उपटली आणि कपाट करायला घेतले. अंबुबाई म्हणतील त्या उंचीला फळी.

"कपाट आधी करून मग बायको आणायची, ही पद्धत नवी दिसते अण्णा," शेजारच्या तानूबाई म्हणाल्या. रघुजी पॉलिशपेपर घाशीत राहिले.

डावी बाजू पाडून झाली आणि आयुधपूजा आली. अंबुबाई या वर्षी आल्या नाहीत. रघुजींनी हत्यारे स्वतः पुसली. त्यात पट्टीवरची जुनी खूणही गेली. मग त्यांनी मोठ्या भक्तिभावाने खालच्या टोकाला कुंकू लावले आणि पूजेनंतर उजवी बाजू पाडली. कपाट उभे राहिले तेव्हा सगळ्या फळ्या एका अंगाला कलल्या होत्या.

दुरुस्तीला एक दुपार पुरली असती. रघुजींनी ती केली नाही. दिवाळीला अंबुबाई यायच्या होत्या. त्यांच्यावाचून इथे काय होते, ते तोंडाने सांगण्यापेक्षा कपाटाने सांगितलेले बरे.

अंबुबाई आल्या. त्यांनी फळीवर डाळीचा डबा ठेवला. तो सावकाश सरकत कडेला गेला.

"पट्टीला कुंकू कुणी लावलं?"

"मीच. तू नसलीस की असं होतं."

अंबुबाईंनी पट्टी उचलली, भोकांवरून बोट फिरवले आणि हसल्या नाहीत.

"दरवर्षी माझ्यावाचून कशाला अडायचं?" त्या म्हणाल्या. "इथं खाच पाडा. एकदा पाडली की झालं."

रघुजी पटाशी घेऊन आले. टोक अंबुबाईंनी दाखवले. खाच नीट पडली.

मग उजवी बाजू नव्या प्लायची झाली. फळी कुठे बसवायची ते अंबुबाईंनी जमिनीवर उभे राहून, हात न ताणता दाखवले. पाट त्यांनी भिंतीला लावून ठेवला. निघायच्या सकाळी त्यांनी विचारले, की हे कपाट टेम्पोत मावेल का. लेकीचे डबे खाली जमिनीवरच असतात. रघुजींनी कपाट वितीने मोजले आणि मावेल म्हणून सांगितले.

पट्टी त्यानंतर कधी उलटी लागली नाही. कपाट आनेकलला आहे. अंबुबाई आनेकलला राहतात.