हार्ड डिस्क ऐकणारे युसुफभाई

युसुफभाई हार्ड डिस्क आधी बघत नसत, ऐकत. नंदुरबारातल्या त्यांच्या टीचभर दुकानात डिस्क आली की पंखा बंद, रेडिओ बंद, आणि गिऱ्हाईक तरीही बोलत राहिलं तर त्याच्याकडे बोट. "गप ऱ्हाय रे, ती बोली ऱ्हायनी!" मग चालू डिस्कवर पेचकस टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आम्ही हसायचो. पण त्यांचं निदान सहसा चुकत नसे.

माझा फोटो स्टुडिओ त्याच गल्लीत. डोंगरातल्या मोलगीच्या आठवडी बाजारात पडदा लावून वर्षानुवर्षं काढलेले फोटो माझ्या एकाच जुन्या डिस्कमध्ये होते. दुसरी प्रत? नाव नको. आज करू, उद्या करू. एका सकाळी घाईत मी तिला तिचा अॅडाप्टर सोडून लॅपटॉपचा चार्जर जोडला. पिन बरोब्बर बसली, पण व्होल्ट जास्त. जळका वास आला, डिस्क बंद पडली आणि मी ती तशीच उचलून युसुफभाईंकडे नेली.

"पिन बसस म्हनीसन खोसानं नही, भाऊ," युसुफभाई एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात मोलगीकडचा रुमल्यादादा माझा शोध घेत युसुफभाईंच्या दुकानात आला. बायको बाळंतपणात गेलेली. तिचा एकच फोटो, मी बाजारात काढलेला, आणि घरातली प्रत पावसात कुजली. "पोरगी विचारते, आई कशी दिसायची. मी काय सांगू तिला?"

ते ऐकून युसुफभाई हट्टालाच पेटले. डिस्कखालची सर्किटची हिरवी पट्टी जळली होती. सुरतच्या भंगारातून त्यांनी तशीच दुसरी मिळवली. नंबर जुळला, तरी डिस्क मुकीच. "नाव एक शे म्हनीसन माणूस एक ऱ्हास का?" असं पुटपुटत त्यांनी जुन्या पट्टीवरची आठ पायांची चिप अलगद उतरवली आणि नव्या पट्टीवर बसवली. प्रत्येक डिस्कची स्वतःची ओळख त्या चिपमध्ये असते म्हणे. आणि काय सांगू, डिस्क फिरली! त्यांनी कान लावला. चेहरा मात्र खुलला नाही.

"आतलं बी दुखावलं शे. आते बंद पडनी म्हंजे गयी. पहिले रुमल्यानी बायकोना फोटो काढी ले, बाकीनं मंग." एवढं बजावून ते जुम्म्याच्या नमाजला गेले.

मी डिस्कवरच्या फोल्डरांची यादी उघडली. पहिलंच नाव माझ्या मुलीच्या लग्नाचं. वाटलं, पाच मिनिटांचं काम, हे आधी घेऊ. अहो, त्या लग्नाचा जाडजूड अल्बम घरात कपाटात होता! तरी मी तेच घेतलं. अर्धं उतरलं असेल-नसेल, डिस्क टक्-टक् करायला लागली. मग गप्प झाली. तो आवाज आजही भर दुपारी माझ्या कानात वाजतो, आणि मी हातातलं काम सोडून बसून राहतो.

युसुफभाई परत आले. त्यांनी स्क्रीनवरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पंखा लावला. 

रुमल्यादादा पोरीला घेऊन आला, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत युसुफभाईच पुढे झाले. "दादा, मन्हाथीन बिघडनं. माफ कर."  रुमल्यादादा पोरीचा हात धरून पायऱ्या उतरून गेला.

"असं का केलंत?" मी नंतर विचारलं.

"त्या पोरना फोटो काढाले तो तुन्हाकडेच येई. तुन्हावर भरोसा नको का त्यान्हा?" आणि त्यांनी पुढची डिस्क उघडली.

खरं सांगायला मला पुढची चार वर्षं मिळाली. मी दर वर्षी त्या पोरीचा फोटो काढला, आणि दर वर्षी गप्प बसलो. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं.

गेल्या हिवाळ्यात युसुफभाई गेले. मातीच्या दिवशी रुमल्यादादा नेमका नंदुरबारच्या बाजाराला आलेला. गर्दी पाहून थांबला. कोण गेलं ते कळल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. "माझं नुकसान केलं त्याने. पण आता मनात काही नाही. मी माफ केलं, एवढं त्याच्या घरी सांगाल?"

युसुफभाईंची बीवी दारात बसली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि तो निरोप सांगितला, जसाच्या तसा. तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि माझे आभार मानले.