दिलावरची गाठ

“दिल पर गाँठ है,” हैदराबादच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. एक्स-रेमध्ये हृदयाच्या कडेला आणखी एक सावली चिकटलेली दिसत होती.

निजामाचं राज्य होतं, डॉक्टर उर्दूतच बोलत. गाठ पेरिकार्डियमवर, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीवर होती. पिशवीत साठलेलं पाणी सुईनं काढलं, ते रक्ताळलेलं निघालं. तपासणीत त्यात मॅलिग्नंट, म्हणजे फोफावत जाणाऱ्या पेशी सापडल्या.

त्याआधी गावी, येरमाळ्यात मला उताणं झोपता येत नव्हतं. धाप लागे, मी पित्त समजलो. वाचणाऱ्यांपैकी कुणाला असं होत असेल, तर पित्तावर ढकलू नका.

“काट नहीं सकते. डीप एक्स-रे देंगे. गल भी सकती है, वादा नहीं करता,” डॉक्टर म्हणाले. डीप एक्स-रे म्हणजे शरीरात खोल जाणारे किरण. उपचार काही आठवडे चालणार होते. जवळ धडधाकट माणूस हवं होतं. सोबत फक्त म्हातारी आई होती.

आईला ‘दिल’ हा शब्द बाजारातून माहीत होता, तो मनाच्या अर्थानं. गावाकडं निघालेल्या एका व्यापाऱ्याबरोबर तिनं निरोप धाडला, “दत्तूच्या मनात गाठ हाय, ती आधी सोडवा.” गाठ कुणाविषयी, हे कुणाला विचारावं लागलं नाही. शेताच्या बांधावरून चुलतभाऊ बब्रुवान आणि मी बोलत नव्हतो.

तो आला. कॉटशी उभा राहून म्हणाला, “माझ्यामुळं एवढं दुखणं काढलंस व्हय? लई मानी गड्या तू.”

मी खरं काय ते सांगितलं. त्यानं हातातलं बोचकं कॉटखाली सरकवलं. मग आईला म्हणाला, “काकू, तुमी जावा घरी. मी हाय इथं.”

“जाते. पर गाठ सोडवल्याबिगर येऊ नका दोघंबी.”

किरण सुरू झाले. ओकाऱ्या होत, छातीची कातडी काळवंडली. बब्रुवान मला पाठीला धरून बसवी. हळूहळू धाप कमी झाली.

एका सकाळी बांधावरून आमची पुन्हा जुंपली. आवाज वॉर्डभर गेला. डॉक्टर दारात थांबून ऐकत होते.

“इतना दम है तो घर जाकर लड़िए. नए फोटो में गाँठ नहीं दिखती.”

ती उलटू शकते, हेही त्यांनी सांगितलं. अजून उलटलेली नाही. त्या डॉक्टरांचा आणि बब्रुवानचा मी ऋणी आहे. बांधाचा निकाल तेवढा लागायचा आहे. आम्हा दोघांनाही घाई नाही.