लाल तुरा, पिवळा तुरा

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी फोन कुंडीसमोर धरलात आणि ओरडलात, "आजी, देखो, आपल्या कोरफडीला फूल आलं!" मी चष्मा पुसून पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पिवळं?"

तुमची आई मागेच उभी होती. ती वळून स्वयंपाकघरात गेली. मग धाकट्याने फोनला तोंड लावून विचारलं, "आजी, मम्मी का रडते?" मी म्हणाले, तिला विचारून सांगते. विचारलं. ती म्हणाली, "मुलांना तूच लिही आई, तुला नीट जमतं." म्हणून हे लिहिते आहे. मराठी वाचायला वेळ लागला तरी चालेल. अडलं तर आईला विचारा.

आधी झाडाबद्दल. आमच्या फणसवाडीच्या गॅलरीत कोपऱ्यातल्या मोठ्या कुंडीत जे झुडूप आहे, ते तुमच्या पणजीचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. घरोघरी असते ती कोरफड जमिनीलगत बसून राहते. ही तशी नाही. हिला खोड येतं, खोडाला फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला करड्या-हिरव्या पानांचा गुच्छ येतो. पानांच्या कडेला बारीक काटे असतात. परळच्या गिरणीतल्या साहेबाच्या बंगल्याभोवती हिचं कुंपण होतं. माळ्याने छाटलेली एक फांदी तुमच्या पणजोबांनी घरी आणली. सासूबाईंनी पान मोडून पाहिलं, आत गर दिसला, म्हणाल्या, "कोरफडच ती." विषय संपला.

ती मूळची आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडची, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. तिथे डोंगरकड्यांवर ती आपली आपण वाढते आणि तिच्यात निसर्गतःच निरनिराळे रंग असतात. कुठे लाल तुरे, कुठे नारिंगी, कुठे पिवळे. झाडं मात्र इतकी सारखी की फूल आल्याशिवाय सांगता येऊ नये. आमची लाल. मुंबईत ती दरवर्षी फुलत नाही. थंडी जरा बरी पडली तरच एखादा तुरा वर येतो, आणि मग इवलासा शिंजीर पक्षी सकाळी गॅलरीच्या कठड्यावर येऊन मध पिऊन जातो.

सासूबाईंना फुलाचं कौतुक नव्हतं. त्यांना ती दारासाठी हवी असायची. घरातलं कुणी नव्या जागेत राहायला निघालं की त्या एक फांदी कापायच्या, देठाला काळा दोरा बांधायच्या आणि दाराच्या चौकटीवर उलटी टांगायला द्यायच्या. दृष्ट लागू नये म्हणून. मी नवी सून, इंग्रजी शाळेत शिकलेली. मी एकदा विचारलं, "पण उलटी का?"

"सुलटी टांगलंस तर ती झाड गो," त्या म्हणाल्या. "उलटी टांगल्याशिवाय राखण कशी करतली?"

गंमत म्हणजे ती उलटी टांगलेली फांदी मरत नसे. माती नाही, पाणी नाही, तरी महिनोन् महिने हिरवी राही आणि तिचं टोक हळूहळू वळून उजेडाकडे वर पाही. मी सगळ्यांना समजावून सांगत असे की पानांत पाणी साठलेलं असतं आणि मुंबईच्या हवेतही ओलावा भरपूर. सासूबाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हां, तुझ्या पुस्तकात तसां असात."

एकदा शेजारच्या बाईंच्या दारावरची फांदी वाळली. त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन आल्या. सासूबाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "सुकली तर सुकांदे गो. तुझ्यार येणारा होता तां तिना आपल्यार घेतल्यान. बरां झालां." म्हणजे बाईंवर येणारं संकट फांदीने स्वतःवर घेतलं. बाई हसत परत गेल्या. मी आत पोळ्या लाटत होते. मला वाटलं, काय हे, दोन्ही बाजूंनी आपलंच खरं!

तुमची आई लग्नानंतर जयपूरला निघाली तेव्हा सासूबाई थकल्या होत्या. तरी कुंडीपाशी स्टूल मागवून बसल्या, स्वतः फांदी निवडली, स्वतः दोरा बांधला. ती त्यांनी कुणासाठी कापलेली शेवटची फांदी. दोन-तीन महिन्यांतच त्या गेल्या. तेव्हापासून मी फोनवर कधीही विचारलं, "कोरफड कशी आहे गं?" की तुमची आई म्हणे, "छान आहे. आता कुंडीत लावली. झुडूप झालंय."

आणि आता त्या झुडपाला फूल आलं ते पिवळं. फांदी लावून केलेलं झाड रंग बदलत नाही, हे तुमच्या आईलाही ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी तिचाच फोन आला.

"ओळखलंस ना, आई?"

"रंग ओळखला. बाकी काही नाही."

"ती आपली नाहीये. आपली वाळली. पहिल्याच उन्हाळ्यात, दारावर. पापड झाला तिचा."

"अगं, मग तेव्हाच सांगायचंस की."

"काय सांगू? थोरली पोटात होती. आजी नुकतीच गेलेली. तिने दिलेली राखण माझ्या दारावर वाळली आणि नेमकी तेव्हाच. मला वाटलं, आता काहीतरी वाईट होणार. बाळंत होईपर्यंत रोज वाटायचं. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, नॉनसेन्स."

"म्हटलंच असतं."

ती नाक ओढत हसली. मग म्हणाली, "सगळ्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. तुझ्या गॅलरीचा फोटो घेऊन. पानं जुळवली, काटे जुळवले, फांद्या जुळवल्या. फूल कुठे होतं तेव्हा कुणाला! मला वाटलं, झाली आपलीच. पण ती वाळलेली काही डोक्यातून जात नाही, आई. पोरं खोकली तरी आठवते."

माझं उत्तर तयार होतं. जयपूरची हवा कोरडी, वर उन्हाळ्यात लूचे तापलेले वारे, तिथे उघडं खोड टिकणारच नाही. हे सगळं खरं आहे, आणि तुम्ही ते लक्षात ठेवा. पण ते तिला सांगून काय होणार होतं? ते तिला माझ्याइतकंच कळतं. कळूनही ती इतकी वर्षं घाबरली होती.

म्हणून मी तिला शेजारच्या बाईंची गोष्ट सांगितली. चहासकट. आणि सासूबाईंचं वाक्य त्यांच्याच बोलीत म्हटलं, जमेल तसं. "सुकली तर सुकांदे गो. तुझ्यार येणारा होता तां तिना आपल्यार घेतल्यान."

तिने ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

"आजी असं म्हणायची?"

"असंच. मी ऐकलंय."

"आणि तू मानतेस हे?"

"माझं सोड. कोरफड त्यांची होती. तिचा अर्थ त्याच सांगणार."

मग ती पुन्हा रडली, पण ते वेगळं रडणं. ते तुम्ही ऐकलं असेल तर काळजी करू नका.

काल मी सासूबाईंच्या झुडपाची एक फांदी कापली. गॅलरीत सावलीला वर्तमानपत्रावर ठेवली आहे, चीक सुकून कापलेली जागा कोरडी होईपर्यंत. लगेच लावली तर कुजते. होळीला येईन तेव्हा माझ्याबरोबर येईल. तुम्हीही तुमच्या पिवळीची एक फांदी मला कापून ठेवा, कात्री आईच्या हातात द्या. लाल तुमच्याकडे, पिवळी फणसवाडीत. शिंजीर बिचारा गोंधळेल, पण मध पिईल.

मी तुमच्या आईला बजावलं की ही नवी फांदी तिथे टांगायची नाही, सरळ कुंडीत लावायची. ती म्हणाली, "हो. पण एक छोटासा तुकडा दारावर, आई?"

मी काळा दोरा पिशवीत टाकून ठेवला आहे. सुकला तर सुकू दे.