मांजरपाटावरची अम्मा

संगमनेरच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागून मला बारा वर्षं झाली, आणि या बारा वर्षांत मी ब्रश हातात धरला तो मुलांच्या वहीतल्या माठाचं तोंड नीट करण्यापुरता. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत शालनचं पोस्टकार्ड आलं, ते मी आधी वाचून पालथंच ठेवलं. शालन माझी चित्रकला शिकतानाची मैत्रीण, लग्न होऊन कोल्हापूरला मंगळवार पेठेत गेलेली. तिनं लिहिलं होतं : 'आम्ही सहा जणांनी प्रदर्शन मांडलंय. हॉल नाही, हारतुरे नाहीत. ज्याची जिथे कामाची जागा, तिथेच त्याची चित्रं. दस्तगीरचाचा म्हणून सिनेमाचे बॅनर रंगवणारे आहेत, त्यांनी तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी चित्र काढलंय. त्यांच्या गेलेल्या आईचं, अम्माचं. तिचा एकही फोटो नाही, सगळं आठवणीतून. ते बघायला तरी ये. नाहीतर बस माठ काढत.'

शेवटच्या वाक्याचा मला राग आला. त्याच रागात पिशवी भरली. आईनं वर दशम्यांचं गाठोडं ठेवलं आणि मी एस.टी.त बसले.

पुण्याला बहिणीकडे मुक्काम करून बुधवारी दुपारी कोल्हापुरात उतरले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. टांगेवाल्यानं विचारलं, "पावणं, कुनाकडं जायाचं?" मी शालनचं नाव सांगितलं आणि पत्ता शोधायला पिशवीत हात घातला.

"ती चितारीन बाई व्हय? घरी न्हाय ती. तालमीत असंल. तितंच सोडतो की."

मला गंमत वाटली. आमच्या गावात चित्रकलेच्या बाई कुठे राहतात म्हणून विचारलंत, तर लोक तुम्हाला शिवणाच्या बाईंकडे नेऊन सोडतील.

तालमीत एरवी बायकांनी पाऊल टाकायची रीत नाही. पण वस्तादांनी (तालमीतले गुरू) तोड काढली होती. सकाळची मेहनत आटोपली की संध्याकाळची सुरू होईपर्यंत चित्रं बघायला कुणीही यावं, फक्त चपला बाहेर आणि हौद्यातल्या (कुस्तीच्या आखाड्यातल्या) मातीवर पाय नको. शालन दारातच भेटली. भिंतीला अंग घासत आम्ही दोघींनी हौद्याला फेरी मारली. चित्रं कुस्तीचीच होती, सहांपैकी एकानं तिथंच बसून काढलेली, आणि फार सुंदर होती. तेल-ताकात मळलेल्या तांबड्या मातीचा वास आणि तैलरंगांचा वास तिथं एकमेकांत मिसळला होता. एका चित्रापुढे वस्ताद स्वतः उभे होते.

"रंग झकास लावलाय गड्यानं," ते म्हणाले. "पर मान अशी अडाकली तर त्यो चितपट व्हनार. आन चित्रात जिततोय! मी म्हटलं, असलं तालमीत टांगू देनार न्हाय. आला बिचारा काल, दिसभर बसून मान सोडवून दिली."

सोडवलेली मान अजून ओली होती, हे मला माझ्या पदरावरून कळलं. पांढऱ्या साडीवर तो तांबूस डाग अजून आहे. मी तो घासून काढायचा प्रयत्न केलेला नाही.

तिथून उद्यमनगरात गेलो. पंपाचे भाग ओतणाऱ्या एका कारखान्यात त्याच भट्टीवरचा एक कारागीर बैल ओततो. उरलेल्या लोखंडाचे, वीतभर उंचीचे, एकाची मान दुसऱ्यासारखी नाही. ते ओळीनं पंपांच्या शेजारीच मांडले होते. मी एकाच्या वशिंडाला हात लावला तर चटका बसला, म्हणजे तो तासाभरापूर्वीच जन्मला होता. शालननं आपली चित्रं घराच्या ओट्यावर मांडली होती, आणि शेजारणी निवडायचं धान्य घेऊन तिथेच येऊन बसत होत्या. कोणतं चित्र कुठे फसलंय हे त्या न विचारता सांगत. मला या माणसांचा हेवा वाटला. माझी चित्रं माळ्यावर गुंडाळून पडली आहेत, आणि लावायला जागा नाही असं मी बारा वर्षं सांगत आले आहे.

मग शालननं मला एका खानावळीत नेऊन तांबडा आणि पांढरा रस्सा खाऊ घातला. पांढरा गरीब दिसतो म्हणून मी आधी तोच वाटीभर प्यायले. तांबड्यानं मात्र नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. वाढणारा शांतपणे म्हणाला, "आज जरा कमीच हाय तिखट." घरी येऊन मी आडवी झाले.

पाचच्या सुमारास शालन म्हणाली, "चल, उजेड आहे तोवर दस्तगीरचाचांची अम्मा बघून येऊ."

"उद्या जाऊ गं," मी म्हटलं. "अम्मा काय पळून चाललीय?"

तासाभरानं वळवाची एक जोरदार सर येऊन गेली. मी ती खिडकीतून कौतुकानं बघितली.

गुरुवारी सकाळी थिएटरच्या मागच्या रस्त्यावर दस्तगीरचाचांच्या शेडपाशी पोचलो. चाचा पन्नाशी ओलांडलेले, काटक, दंडापर्यंत रंग. ते दारात नुसते उभे होते. आत एका डब्यावर त्यांचे थोरले भाऊ बाबालालभाई बसले होते. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे होते आणि ते त्या हातांकडेच बघत होते.

"चाचा, ही माझी मैत्रीण," शालन म्हणाली. "अम्मांना बघायला संगमनेरहून आलीय."

चाचांनी जमिनीकडे बोट केलं. तिथं सोळा फूट लांब, दहा फूट रुंद कापड पसरलं होतं. पांढरंशुभ्र, ओलं.

"त्यात हाय," ते म्हणाले.

झालं होतं ते असं. थिएटरला दर शुक्रवारी नवा सिनेमा लागतो. बॅनरचं कापड तेच असतं. बाबालालभाई दर गुरुवारी पहाटे थप्पीतलं वरचं कापड जमिनीवर अंथरतात आणि खडूची पूड नि सरस यांचं पांढरं अस्तर मारून जुना सिनेमा मिटवतात. त्यावर चाचा नवा काढतात. तीस वर्षं हाच क्रम. अम्माचं चित्र रविवारपासून शेडबाहेर बांबूंवर टांगलेलं होतं. बुधवारी वळीव आला तसं चाचांनी ते घाईनं उतरवून आत थप्पीवर ठेवलं. सगळ्यांत वर.

"पण चेहरा दिसला नाही का?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

बाबालालभाई हातावरचं अस्तर खरवडू लागले. चाचाच म्हणाले, "बाई, एवढं कापड भुईवर टाकून उकिडवं बसून बघा. नाक म्हंजे तांबडा डाग, डोळा म्हंजे काळा डाग. जवळनं अम्मा आन हिरो सारकंच. आन भाईला जवळचं दिसत न्हाय. लांबचं घारीगत दिसतंय."

"रविवारपासनं लावलंतं," बाबालालभाई पहिल्यांदाच बोलले. "सारी पेठ बघून गेली. मी म्हटलं, घरचंच हाय. बघू की निवांत."

आदल्या संध्याकाळी मी हेच म्हणून कूस बदलली होती.

शालन म्हणाली, धुऊन काढता येईल का? चाचांनी मान हलवली. खालचे रंगही सरसातलेच, पाण्यानं सगळं एकत्र वाहून जाणार. "वल्लं हाय तवर अस्तरातनं अंदुक दिसतंय. वाळलं की सपलं." दारातून ऊन आत सरकत होतं. कापडाच्या कडा वाळायलाही लागल्या होत्या.

चाचांनी क्षणभर भावाकडे बघितलं. मग म्हणाले, "उचला."

आम्ही चौघांनी ते जड कापड बाहेर नेऊन बांबूंना बांधलं. चाचांनी भावाला रस्त्यापलीकडच्या पानपट्टीपाशी उभं केलं, हाताला धरून, तोंड इकडे करून. मीही तिकडेच गेले. चाचा शिडीवर चढले, रुंद कुंचला बादलीत बुडवला आणि कापडावरून पाणी फिरवू लागले.

आधी शिलाई मशीनचं चाक वर आलं. मग एक कोपर. मग सुईखाली सरकणारा पांढरा मांजरपाट आणि त्यावर चष्मा लावून वाकलेली एक किरकोळ अंगाची बाई. बॅनरचे पट्टे जोडून देणारी अम्मा. ज्या कापडावर ती होती, त्याचे पट्टेही तिनंच जोडलेले. वर बघायला तिला वेळ नव्हता. तीस वर्षं नटांची तोंडं रंगवणाऱ्या हातानं इतकं शांत काही काढलं असेल, असं मला वाटलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. अस्तरातून ती धुक्यातल्यासारखी दिसत होती. एकाएकी भुवईतून काळा ओघळ निघाला आणि चाचांनी हात थांबवला. आणखी पाणी मारलं असतं तर ती गळून गेली असती.

सायकली थांबल्या. पानवाला बाहेर आला. बाबालालभाईंनी उन्हाला हात आडवा धरून बघितलं. मग रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"दस्तू, चष्म्याच्या दांडीला दोरा पांढरा काढलायस. काळा होता त्यो."

चाचा शिडीवर तसेच उभे राहिले. "व्हय की," ते म्हणाले. "काळाच होता." आणि बाहीनं तोंड पुसलं.

उन्हानं कापड वरून खाली वाळत आलं. अम्माचा चेहरा गेला, मग कोपर, शेवटी चाक. बाबालालभाई रस्ता ओलांडून आले. म्हणाले, "हे कापड ऱ्हाऊ दे. दुसऱ्याला अस्तर मारतो."

"अम्मानं कापड कवा रिकामं ठिवलं व्हतं?" चाचा म्हणाले. त्यांनी कोळसा घेतला आणि नव्या सिनेमासाठी पांढऱ्यावर चौकोन आखायला सुरुवात केली.

शुक्रवारी दुपारी परतीची एस.टी. थिएटरवरून गेली. नवा बॅनर लागला होता. हिरोचा गाल दुमजली. खाली कोपऱ्यात सिनेमातली म्हातारी आई, चष्मा लावलेली, आणि चष्म्याच्या दांडीला काळा दोरा बांधलेला. दोरा जाडा होता, वाकडा होता. चाचांची रेघ अशी नसते. ती जन्मभर नुसतं अस्तर मारलेल्या हाताची होती. बॅनर दिसेनासा होईपर्यंत मी मान वळवून बघत राहिले.

शेजारची बाई म्हणाली, "पिच्चर बगायचा ऱ्हायला व्हय?"

"नाही," मी म्हटलं, "बघितला."

घरी पोचल्यावर कोल्हापूरच्या गुळाची ढेप आईच्या हातात दिली, हातपाय धुतले आणि माळ्यावरून रंगांची पेटी काढली. बरेच रंग वाळून गेले होते, पण काळा आणि तपकिरी चालण्यासारखे होते. आईला म्हटलं, खिडकीपाशी बस.

"आत्ता? प्रवासातून आलीस, जेव, झोप. मी काय कुठे पळून चाललेय? उद्या काढ."

"आत्ताच," मी म्हटलं.

ती कुरकुरत बसली, पदर सारखा केला आणि चष्मा काढायला लागली. मी तिचा हात धरला.

"तो असू दे."