मार्थाबाईंनी धरलेलं मनगट

तीन आठवड्यांपूर्वी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचनळ्या धूत होतो, तेव्हा चर्चच्या पाळकांचा फोन आला. "मार्थाबाई प्रभूमध्ये निजल्या." नळ बंद करायचंही मला सुचलं नाही...

लोणखेड्याच्या आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये त्या दर रविवारी मुलांना शिकवायच्या. बाविसाव्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली शिकवायला लागलो. बायबलमधली प्रीतीची वचनं तोंडपाठ, अंगात मात्र संताप. पट्टी घेऊनच वर्गात शिरायचो.

त्या वर्गात शेवंता होती, नऊ वर्षांची. चावायची, ओरबाडायची. एका रविवारी तिने लहानग्या रूथच्या डोक्यात दगड घातला. रक्त पाहून माझं डोकं फिरलं. मी अशी थोबाडीत मारली की शेवंताचा ओठ फाटला. ती रडली नाही. निमूट वळली, झगा पाठीवरून वर केला आणि पुढच्या माराची वाट बघत उभी राहिली. पाठीवर दोराचे वळ होते, जुन्यांवर नवे. मार्थाबाई मला रागावल्या नाहीत. आधी रूथच्या डोक्याला फडकं बांधलं, मग माझ्या हातात तांब्या दिला. "तिचं तोंड तूच धू." मी तिच्या ओठावरचं रक्त धुतलं.

बाईंनी शेवंताच्या घरी जाऊन तिच्या बापाला बजावलं. पुढच्याच रविवारी तो दांडकं घेऊन आला, भर सकाळी पिऊन. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"मन्ही पोर शे. मी तिले मारसू, तुले काय?"

"ती आत बसलीये. वर्ग सुटल्यावर बोलू."

दांडकं त्यांच्या हातावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मला आतपर्यंत आला. मी दाराशी पडलेली वीट उचलून त्याच्या कपाळावर घातली. तो कोसळला. मी पुन्हा वीट उगारली... खरं सांगतो, मला त्याला मारूनच टाकायचं होतं. बाईंनी धडक्या हाताने माझं मनगट धरलं.

"दानियल, पोरं बघताहेत."

मी मागे पाहिलं. पोरं भिंतीला चिकटली होती. ती त्याला नाही, मला भ्याली होती.

बाईंनी पोलिसांत तक्रार दिली. मी वीट मारल्याचंही लपवलं नाही. शेवंता ब्राह्मणपुरीला मावशीकडे राहायला गेली. मावशी तिला दर रविवारी वर्गाला आणायची आणि ती वर्षभर चावतच राहिली. मी वैतागून म्हणालो, "बाई, एवढ्या प्रार्थना केल्या, हिच्यात फरक काय पडला?"

"येते ना," बाई म्हणाल्या.

मी अजून प्रार्थनेच्या उत्तराची वाट बघत होतो. त्यांना ते दर रविवारी दारातून आत येताना दिसत होतं.

दफनाच्या दिवशी, इतक्या वर्षांनी, शेवंता आली होती, कडेवर तिची मुलगी. "सर, हिले रविवारले वर्गमा लई येसू," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मारशात नही ना?"  मी नकारार्थी मान हलवली.

स्वतःला राग आला की बाई गुडघे दुखत असूनही पोरांसमोर जमिनीवर बसायच्या, थेट त्यांच्या उंचीला. गेल्या रविवारी वर्गात एका पोराने वचनांची पुस्तिका फाडून माझ्या तोंडावर फेकली. माझा हात वर गेला. पोरं भिंतीकडे सरकली.

मी खाली बसलो.