क गावचा गोठा

माझ्या पीएचडीच्या प्रबंधात पाच गावं आहेत आणि एकालाही नाव नाही. अ, ब, क, ड, इ. लोकप्रशासनात असंच करतात. गावाला अक्षर द्यायचं, माणसाला क्रमांक द्यायचा आणि मग बिनधास्त लिहायचं. मीही लिहिलं. 'क हे गाव तालुक्याच्या ठिकाणापासून अमुक किलोमीटर अंतरावर असून गावालगत पाझर तलाव आहे. सरपंचपद महिलेकडे असून त्या पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होत्या.' आता आमच्या वाशिम जिल्ह्यात पाझर तलाव असलेली गावं ढिगानं निघतील, पण सरपंच झालेली अंगणवाडीची मदतनीस किती निघणार? एवढी साधी अक्कल मला नव्हती. नाव झाकलं की माणूस झाकला, असं मला खरंच वाटत होतं. (या वेळी अंतर, तलाव आणि अंगणवाडी, तिन्ही गोष्टी बदलून सांगतो आहे. अक्कल आली, पण फार उशिरा.)

तेव्हा मी मंगरूळपीरला खोली घेऊन राहत होतो आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. सकाळी तास, दुपारी मोटारसायकलवरून गावं. विषय होता ग्रामपंचायतीतली निर्णयप्रक्रिया. बाकीच्या चार गावांत एकच प्रकार. सरपंचबाईंना भेटायला जावं, तर त्यांचे यजमान खुर्ची टाकणार, चहा मागवणार आणि सगळी उत्तरं स्वतःच देणार. बाई दाराआडून बघणार. क गावात मात्र यजमानांनी रामराम केला, डोक्याला दुपट्टा बांधला आणि ते वावरात निघून गेले. बाई आतून मासिक सभेचं प्रोसिडिंग बुक घेऊन आल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "इचारा."

मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला भाऊ. वयानं चाळिशीच्या पुढच्या. दहावीपर्यंत शिकलेल्या. जिभेला धार. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी फिरकी घेतली.

"भाऊ, तुमी मास्तर लोकं फारम लय भरता. भरून ठेवता कुठी?"

मी त्यांना संमतीपत्र वाचून दाखवलं. आपली ओळख गुप्त ठेवण्यात येईल, आपल्या उत्तरांमुळे आपणास कोणतीही हानी पोहोचणार नाही. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, स्वतः वाचला आणि सही केली. त्यांची सही माझ्या सहीपेक्षा चांगली होती.

गावाची खरी अडचण होती नाला. गावाच्या मागं गायरान, म्हणजे सरकारी चराईची जमीन, आणि तिच्या कडेनं नाला. पिढ्यान् पिढ्या लोकांनी त्या गायरानावर गोठे बांधले, कुडाच्या खोल्या उभ्या केल्या, उकिरडे टाकले. होता होता नाला इतका आवळला, की जोराचा पाऊस झाला की पाणी खालच्या वस्तीत शिरायचं. खालच्या वस्तीत सगळी मजुरी करणारी माणसं. दर पावसाळ्यात त्यांच्या घरात गुडघाभर चिखल. नाला मोकळा करायचा तर कडेची बांधकामं हलवावी लागणार होती, आणि त्यात सगळ्यांत मोठं शेड होतं उपसरपंचांचं, नोंदीला मात्र वेगळं राहणाऱ्या भावाच्या नावावर. त्यात त्यांचा ट्रॅक्टर आणि सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, राहायचं.

"मग तुम्ही नोटिसा का काढत नाही?" मी विचारलं.

ताईंनी प्रोसिडिंग बुक मिटलं. "आमचाच गोठा हाय ना भाऊ गायरानात. सासऱ्याच्या हातचा. मंग मी कोन्त्या तोंडानं दुसऱ्याले सांगू? पोळा होऊ द्या, मंग पाडून टाकतो आमी. बैलाइले घराम्होरं बांधू. मंग पाह्यजा, कोन नाही म्हन्ते ते."

मी हे सगळं डायरीत उतरवून घेतलं, तारखेसकट, त्यांच्याच शब्दांत. मला क्षेत्रकार्याची डायरी नीट ठेवायची फार हौस होती.

दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्यांदा गेलो तेव्हा गोठा नव्हता. जागेवर नुसता चौथरा उरला होता आणि बैल घरासमोर कडुनिंबाखाली बांधलेले. ताई मला मुद्दाम तिकडं घेऊन गेल्या. मी चौथऱ्यावर उभं राहून तेही लिहिलं. त्या शेजारी उभ्या राहून माझ्या वहीत डोकावत होत्या. "बराबर लिवलं," म्हणाल्या. पुढच्याच मासिक सभेत त्या बाकीच्यांना नोटिसा द्यायचा ठराव आणणार होत्या.

आता माझी करामत सांगतो.

प्रबंधाचं चौथं प्रकरण होतं 'निर्णयप्रक्रियेतील हितसंबंधांचे अडथळे'. या प्रकरणाला उदाहरण हवं होतं. मी क गावाबद्दल जे लिहून नेलं ते माझ्या मार्गदर्शकांना पसंत पडलं नाही. "यात संघर्ष कुठं आहे? बाईनं स्वतःचा गोठा पाडला, मग सगळं गोडच झालं की. अडथळा दाखवा." मी घरी आलो, दोन दिवस बसलो आणि अडथळा दाखवला. 'क गावच्या सरपंच स्वतःच गायरानावरील अतिक्रमणधारक असून त्यांचा गोठा नाल्यालगत उभा आहे. त्यामुळे इतर अतिक्रमणांविरुद्ध कारवाई करण्याचे नैतिक बळ त्यांच्याकडे नाही.' पोळ्यानंतर पाडते म्हणाल्या ते गाळलं. चौथरा गाळला. कडुनिंबाखालचे बैल गाळले. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, हे प्रकरण धाडसी आहे. मी मान खाली घालून हसलो, जसं कौतुक झाल्यावर हसायचं असतं तसं.

आणि हे लक्षात घ्या, की सरकारी जागेवर अतिक्रमण असलेल्या माणसाला ग्रामपंचायतीत सदस्य राहता येत नाही, हा नियम मी तेव्हा बी.ए.च्या मुलांना शिकवत होतो. परीक्षेत विचारतही होतो.

पदवी मिळाल्याचं ताईंना कळलं, तेव्हा त्यांनीच ग्रामसभेत माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, शाळेच्या मुलींचं स्वागतगीत. "आपल्या गावाचा अभ्यास केला भाऊनं, डॉक्टर झाले," असं त्यांनी माईकवरून सांगितलं. मी प्रबंधाची एक प्रत ग्रामपंचायतीला भेट दिली. काळं रेक्झिनचं बांधकाम, वर सोनेरी अक्षरं. संशोधन समाजाला परत दिलं पाहिजे, असं मी भाषणातही म्हणालो. सभा संपल्यावर प्रत उपसरपंचांनी उचलली. "वाचाले नेतो जी," म्हणाले. मला इतका आनंद झाला! मार्गदर्शक आणि परीक्षक सोडले तर माझा पहिला वाचक.

त्यांनी फार बारकाईनं वाचलं.

दोन महिन्यांत, नोटिसांचा ठराव सभेत अजून अडकलेला असतानाच, ताईंविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेचा अर्ज गेला. त्यात म्हटलं होतं, की सरपंचांचं गायरानावर अतिक्रमण आहे आणि तक्रार होणार असं कळल्यावर त्यांनी घाईघाईनं गोठा पाडला. सोबत प्रबंधाच्या पानाची झेरॉक्स. प्रबंध अलीकडचा, त्यात गोठा उभा; म्हणजे आता-आतापर्यंत तो उभा होता. आपला जुना गोठा पाडताना कोणी पंचनामा करत नाही की फोटो काढून ठेवत नाही. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांतल्या निम्म्यांचे स्वतःचे गोठे गायरानात होते, त्यांना काही आठवेना. उरले खालच्या वस्तीतले लोक, आणि ते सरपंचांच्या बाजूचे म्हणून त्यांचं बोलणं कोणी मोजेना. ताईंच्या वकिलानं त्यांना सांगितलं, तक्रारीच्या कितीतरी आधी, आपण होऊन पाडला, असं दाखवणारा एक जरी कागद मिळाला तर आशा आहे.

तो कागद माझ्याकडे होता.

त्या एकट्याच एस.टी.नं मंगरूळपीरला आल्या आणि विचारत विचारत महाविद्यालयात पोहोचल्या. स्टाफरूममध्ये दुसरं कोणी नव्हतं. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सुनावणीचे कागद. मला वाटलं, चिडतील, शिव्या देतील. मी तयारीत होतो. त्या खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पुस्तकात काहून तसं लिवलं ते मी तुमाले नाही इचारत. चुकून राह्यलं असंन. तुमी दुसऱ्या खेपेले आलते, तवा गोठा नव्हता. तुमी वहीत लिवलं, मी पाह्यलं होतं. तेवढं पान द्या मले. नाहीतर सुनावणीत येऊन सांगा."

मी आदल्याच आठवड्यात मार्गदर्शकांना फोन केला होता. ते म्हणाले होते, "प्रबंधात अर्धवट माहिती दिली, असं स्वतःच्या हातानं लिहून देणार आहेस का? पदवी जाईल. आणि पुढच्या महिन्यात कायम जागेची मुलाखत आहे ना तुझी?" होती. सात वर्षं तासिकांवर काढल्यानंतर एक जागा निघाली होती. घरी आईनं नवस बोलून ठेवला होता. हे मी कारण म्हणून सांगतो आहे. हे पुरेसं नाही, मला ठाऊक आहे.

"ताई," मी म्हणालो, "त्या डायऱ्यांना वाळवी लागली."

"साऱ्याइले?"

"साऱ्याच गेल्या."

डायरी त्यांच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात होती, वरून दुसऱ्या खणात. कपाटाला कुलूपही नव्हतं. त्यांनी मागं वळून हात घातला असता तर हाताला लागली असती.

"वाळवी लागली तं एखांदं पान राह्यतेच भाऊ," त्या म्हणाल्या. "आमच्या पंचायतीत लागली होती. आमी उन्हात वाळू घालून घालून पानं काढले होते."

खरं तर याच वेळी मला उठता आलं असतं. एवढंच करायचं होतं, उठायचं आणि चार पावलं चालायचं. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. त्यांनी कागद पिशवीत घातले, पिशवीची गाठ मारली आणि "येतो मंग" म्हणून निघाल्या. दारापर्यंत पोहोचवायलाही मी गेलो नाही, कारण दार कपाटाच्या बाजूला होतं.

वाशिमच्या सुनावणीला मी गेलो नाही. साक्षीची नोटीस येईल या भीतीनं महिनाभर झोप लागली नाही, पण नोटीस कोणी काढलीच नाही. लेखी पुरावा असताना लिहिणाऱ्याला कशाला विचारायचं? ताई अपात्र ठरल्या. उरलेल्या काळाचा कारभार उपसरपंचांकडे गेला. नाल्याचा विषय पुन्हा सभेसमोर आला नाही. त्या पावसाळ्यात खालच्या वस्तीत पाणी शिरलं, आणि पातेल्यांनी घराबाहेर पाणी उपसणाऱ्या बायांचा फोटो आमच्या भागातल्या पेपरात आला. मी तो घडी करून बाजूला ठेवला आणि तास घ्यायला गेलो. जागा मला मिळाली होती. स्टाफरूममध्ये पेढेही वाटले होते.

कायम झालो की मन निवांत होईल असं मला वाटलं होतं. नाही झालं. 'संशोधनातील नीतिमूल्ये' हा घटक मीच शिकवतो. मुलांना सांगतो, माहिती देणाऱ्याला हानी पोहोचता कामा नये. मुलं वहीत लिहून घेतात.

गेल्या वर्षी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीनं लघुप्रबंधासाठी तेच गाव निवडलं. तिची मावशी तिथली, जायला-यायला सोपं. दुसरं गाव घे असं मी तिला दोनदा सुचवलं, पण कारण काय सांगणार? ती गेली. ग्रामसभेविषयी महिलांची माहिती असा तिचा विषय होता. तीन आठवड्यांनी भरलेले फॉर्म घेऊन आली, तोंड पाडून.

"सर, तिथल्या बाया काही बोलतच नाहीत. ग्रामसभा कधी होते, माहीत नाही. सरपंच कोण, माहीत नाही. नाल्याचं विचारलं तर म्हणतात, कोन्ता नाला? समोर वाहतोय सर, तरी कोन्ता नाला म्हणतात. एवढं अज्ञान मी कुठं बघितलं नव्हतं."

मी फॉर्म चाळत राहिलो. सगळ्या रकान्यांत एकच उत्तर, चाळीस बायांचं.

"एक बाई तर मजेशीरच होत्या," ती म्हणाली. "चहा केला, जेवायचाही आग्रह केला. माझा फॉर्म घेतला, चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग परत दिला आणि म्हणाल्या, शिक्षणाच्या खान्यात अडाणी लिव पोरी. मी म्हटलं, तुम्ही तर वाचलात. तर म्हणाल्या, नाही, मले वाचता येत नाही, अन् पंचायतीत मी कदी गेलीच नाही. आता याचं काय करू सर? जे दिसलं ते लिहू का त्या म्हणाल्या ते?"

तो फॉर्म तिनं माझ्यासमोर सरकवला. वर नाव नव्हतं, नुसता क्रमांक. मला पहिल्यांदा या मुलीला सगळं सांगून टाकावं असं वाटलं. ती पेन उघडून वाट बघत होती.

"त्या म्हणाल्या तेच लिही," मी म्हणालो.

तिचा निष्कर्ष आहे, की क्रमांक एकच्या गावातील महिलांमध्ये स्थानिक कारभाराविषयी जागरूकतेचा पूर्ण अभाव आढळतो. खाली मार्गदर्शक म्हणून माझी सही आहे.