उघाडीच्या सहा फळ्या

संपदा नावाची मुलगी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बांधावर आली, तेव्हा सदानंद घरत स्वतःच्या शेतात गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा राहून कोळंबी धरत होता. मुलीच्या गळ्यात कुठल्याशा अभ्यास संस्थेचं ओळखपत्र होतं, हातात टॅब होता. सोळा प्रश्न तिने बांधावरूनच विचारून घेतले. सतरावा विचारताना ती जरा अडखळली.

"काका, ही पाणथळ जागा अशीच राहावी म्हणून तुम्ही वर्षाला जास्तीत जास्त किती रुपये द्यायला तयार आहात?"

"कोनाला द्यायचे?"

"कोणाला असं नाही. समजा."

"समजलो. पन जागा माझी. माझ्याच जागंचे मी कोनाला देऊ?"

"मग शून्य लिहू?"

"लिव्ह. आनि ही पानथल नाय, बायो. शेत हाय. पानी मी घेतलंय आत."

संपदाने शून्य लिहिलं. पुढच्या वाक्यासाठी टॅबमध्ये रकाना नव्हता. मुलगी मनाने चांगली होती. निघताना तिने वाटाभर कोळंबी घेतली आणि नको नको म्हणत असताना पैसे दिले. निसर्गाच्या सेवेचं मोल म्हणून सदानंदच्या हाती त्या वर्षी जे काही पडलं ते एवढंच.

आता पाणी त्याने आत का घेतलं होतं, ते सांगायला हवं. नायगावमागच्या खाडीला लागून मातीचा जुना बांध आहे. भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून कुणा पूर्वजांनी घातलेला. त्या बांधात एक दगडी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. दाराच्या दोन्ही अंगांना खाचा, आणि त्या खाचांत एकावर एक बसणाऱ्या सहा फळ्या. वैशाख सरताना फळ्या बसवायच्या, म्हणजे खाडी बाहेर राहते. पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढतो, ओहोटीला वरची फळी उचलली की ते पाणी निघून जातं आणि गोड्या चिखलात भात होतो. भात कापला की फळ्या काढायच्या. खारं पाणी आत आलं की तण मरतं, कोळंबी येते, एखादा जिताडा मासाही येतो. त्याच पाण्याबरोबर तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या झाडाची, रोपंही येतात. बांधाबाहेर तिवर हवंच, ते लाटा अंगावर घेतं. सदानंदच्या बापाने बाहेरच्या तिवराला कधी कोयता लावू दिला नाही. आतलं तिवर मात्र दर वैशाखात सदानंद आणि त्याची बायको आशालता हाताने उपटून काढत. एवढाच या शेतीचा कायदा होता, आणि तो कुठेही छापलेला नव्हता.

शेतात पिकायचा तो राता. लाल, जाड दाण्याचा भात. थोड्या मिठाला दाद देत नाही, पण त्याचं बी एक वर्ष पडून राहिलं की पुढे रुजत नाही. दर वर्षी पेरला तरच तो असतो.

पूर्वी बांधाला खांड पडली तर घरटी एक माणूस चिखलाची पाटी घेऊन हजर व्हायचा. मग घरं कमी झाली. म्हणजे घरं वाढली, सतरा-सतरा मजल्यांची झाली, पण चिखलाची पाटी घेऊन कोण येणार? शेजारची शेतं विकली गेली, त्यांत भराव पडला. शेवटी दोन एकर राता आणि सहा फळ्या सदानंदकडे उरल्या. त्याचं वय अडुसष्ट.

नोटीस मेमध्ये आली. आकाशातून घेतलेल्या प्रतिमांवरून सदर क्षेत्र भरती-ओहोटीखालील पाणथळ असून त्यात कांदळवनाचा नैसर्गिक पुनरुद्भव आढळल्याने ते संरक्षित करण्याचे योजिले आहे, तरी रोपांस इजा करू नये. ज्यांनी भराव टाकला होता त्यांची जमीन प्रतिमेत कोरडी दिसली, म्हणून सुटली. ज्याने टाकला नाही त्याची ओली दिसली, म्हणून सापडली. यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. प्रतिमा स्पष्ट होती.

सुनावणीला सदानंद धुतलेला सदरा घालून गेला. साहेब सभ्य होते, त्यांनी बसायला सांगितलं.

"प्रतिमा एप्रिलची आहे. पाणी दिसतंय, रोपं दिसतायत."

"सायेब, जुलैची बघा. भात दिसंल."

"जुलैत ढग असतात."

"ढगांखाली भातच असतो, सायेब."

"ते आम्हाला दिसायला हवं ना."

टेबलावर संपदाच्या संस्थेचा अहवाल होता. त्यात एक हेक्टर भातशेतीची वर्षाची किंमत आणि एक हेक्टर कांदळवनाची किंमत शेजारी शेजारी मांडली होती, दुसरी पहिलीच्या अकरा पट. उधाण अडवणं, गाळ धरणं, माशांची पिल्लं वाढवणं. या सेवा पुरवणाऱ्यांच्या यादीत तिवर होतं, चिखल होता, खेकडाही होता. फळ्या काढणाऱ्या-घालणाऱ्याचा उल्लेख नव्हता.

नुकसान भरपाईचं विचारल्यावर साहेब म्हणाले की जमीन तुमचीच राहणार, म्हणजे नुकसान कसलं? मात्र प्रकल्पात बाधित कुटुंबाला रक्षकाची एक जागा आहे, कंत्राटी. घरात कोणी तरुण?

घरात मुलगा जितेश होता. चौतीस वर्षांचा, तीन वर्षं बेकार. कुरियरचं गोडाऊन भिवंडीला हललं आणि तो मागे राहिला. बायको पोरीला घेऊन माहेरी गेली होती, भांडून नाही, नुसतीच गेली होती. जितेशला खाकी शर्ट मिळाला, शिटी मिळाली आणि रोज चार ठरलेल्या जागी उभं राहून फोनवर फोटो काढायचं काम मिळालं. दुसरा पगार झाला त्या आठवड्यात बायको-पोर परत आली.

अशा रीतीने बापाला त्याच्या शेतापासून राखण्याच्या कामावर मुलगा लागला.

"बाबा, हात नको लावू रोपांना," जितेश पहिल्याच दिवशी बांधावरून ओरडला. "माझं नाव हाय कागदावर."

"हात कुठं लावतोय? फल्या बशिवतोय."

"त्या चालतात?"

"तुझ्या कागदात फल्या हायत?"

जितेशने कागद वाचला. रोपं होती, फांद्या होत्या, मुळं होती, गुरं चारण्याची मनाई होती. फळ्यांचं नाव नव्हतं. ज्यांनी कागद लिहिला त्यांना फळ्या ठाऊकच नव्हत्या.

"मंग बशीव," तो म्हणाला.

सहा फळ्या बसल्या. पावसाने मीठ धुतलं. आषाढात सदानंदने मोड आणलेलं बी तिवराच्या रोपांमधल्या मोकळ्या चिखलात फेकलं. मडक्यात राखून ठेवायचं मूठभरसुद्धा फेकलं, कारण रोपं मध्ये असल्याने विरळ पडेल अशी त्याला भीती होती. एकही रोप त्याने उपटलं नाही. श्रावणात राता गुडघ्याला लागला, आणि त्यातलं तिवर पिवळं पडून पानं टाकू लागलं. त्याला भरती हवी असते, ओहोटी हवी असते. साचलेल्या गोड्या पाण्यात ते गुदमरतं. हे सदानंदला ठाऊक होतं. आशालतालाही ठाऊक होतं.

गणपती गेल्यावर जितेश जेवायला बसला आणि ताटाला हात न लावता म्हणाला, "दिवाळीनंतर मोजनी हाय."

"कसली?"

"रोपांची. एप्रिलात शंभर होती तिथं साठ तरी जिती पायजेत. नायतर रक्षक बदलनार. बदलनार म्हंजे काढनार."

"किती हायत?"

"बावीस."

आशालताने कढी वाढली. पोरगी आजोबांच्या मांडीवर चढून त्यांच्या मिशीशी खेळत होती.

"आनि दुसरं," जितेश म्हणाला, "परवा वरचा सायेब येऊन गेला. फल्या बघितल्यान. कोनी बशिवल्या, विचारत होता. मी बोललो, बघून सांगतो."

"बापाचं नाव सांगायचं व्हतं."

"सांगितलं असतं तर केस तुज्यावर. नाय सांगितलं तर माज्यावर. तूच सांग कुठलं सांगू."

"तुजा बाप मरेपरत शेती करनार, हे तुला बोर्डावर लावून पायजे का?"

"मना काय पायजे ते मी कवाच सांगितलं नाय, बाबा. कोनी इचारलं पन नाय." जितेशने पहिल्यांदा मान वर केली. "तिनं बॅग अजून माळ्यावर नाय टाकली. पलंगाखालीच हाय."

जितेशची बायको आत ओट्याशी होती. भांड्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सदानंद बांधावर गेला आणि बराच वेळ बसून राहिला. राता पोटरीला आला होता, ताटांच्या पोटात कणसं फुगली होती, काही ठिकाणी ती बाहेर डोकावत होती. पलीकडे, बांधाबाहेर, जुन्या तिवराखाली पाण्यावर हिरवट बी तरंगत होतं. तिवर भाद्रपदात सगळ्यात जास्त बी टाकतं. चपट्या वालासारखं बी, चिखलाला टेकलं की चार दिवसांत मूळ धरतं, तीन आठवड्यांत दोन पानं काढतं. मोजणारा शेंडे मोजतो, वय विचारत नाही. हा हिशेब अहवाल लिहिणाऱ्यांपैकी कुणाला मांडता आला नसता. सदानंदला तो बसल्या जागी मांडता आला, कारण चाळीस वर्षं त्याने हेच बी आत येऊ नये म्हणून दार राखलं होतं.

सर्वपित्रीला मोठं उधाण होतं. सकाळी आशालताने पितरांसाठी पान वाढलं. भात मागल्या वर्षीच्या रात्याचा, डब्यातला शेवटचा.

"आज जाताय?" तिने विचारलं.

"दुपारी भरती हाय."

"पंधरा दिस थांबला असता तर दाना भरला असता."

"पंधरा दिसांनी येवडं बी नसतं पान्यावर."

तिने पदर खोचला आणि ती त्याच्यासोबत निघाली, वैशाखात उपटायला निघायची तशीच.

जितेश उघाडीवर आधीच उभा होता, खाकी शर्टात. बापाने वरची फळी धरली. ती पाण्याने फुगून घट्ट बसली होती. त्याने पहारीने उचकटून पाहिली तरी हलेना. मग जितेशने शिटी खिशात टाकली आणि दुसरं टोक धरलं. पहिली निघाली. दुसरी निघाली. तिसरी निघताच खाडी आत आली, आवाज न करता, आधी पायवाटेएवढी आणि मग शेतभर. तपकिरी पाण्यावर हजारो हिरव्या बिया होत्या. त्या रात्याच्या ओळींत शिरल्या, काही कणसांना अडकल्या. पाणी चढत गेलं तशी कणसं आधी हलली, मग झुकली.

उरलेल्या तीन फळ्याही त्यांनी काढल्या. सदानंदने सहाही फळ्या धुतल्या, बांधावर उन्हात नीट रचून ठेवल्या. कुजू नयेत म्हणून, दर वर्षीसारख्या. पुढल्या आषाढात फेकायला मात्र बी उरलं नव्हतं.

"बाबा, थांब, फोटो पाठवायचाय," जितेश म्हणाला. "चार वाजता जातो रोज."

त्याने फोन वर धरला, मग खाली घेतला.

"काय झालं?"

"भात दिसतोय मागं."

सदानंदने वळून पाहिलं. मग मुलाच्या दंडाला धरून त्याला दोन पावलं डावीकडे सरकवलं, जिथून नुसतं पाणी आणि तिवर दिसत होतं.

"इथून काड," तो म्हणाला. "इथून नाय येत."